उरलेल्या माशांचा नवस

माझं तोंड फाटकं आहे हे अख्ख्या पारोळ्याला माहीत आहे. भाजीवाल्यापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत मी कोणाला सोडत नाही. आमचे हे, हाशम, रिक्षा चालवतात. दिवसाकाठी दहा शब्द बोलतील, त्यातले सात रिक्षाशी. त्यामुळे घरातलं बोलायचं सगळं खातं माझ्याकडे. अशी मी जैनब, पण एक गोष्ट गेल्या आखाजीपासून, म्हणजे अक्षय तृतीयेपासून, पोटात घेऊन बसले आहे. हाशमना सांगितली नाही. माझी लेक अरिबा कॉलेजात जाते, तिलाही सांगितली नाही. आता सांगते, कारण हल्ली मला काही वाटेनासंच झालंय. राग येत नाही, रडू येत नाही. परवा दूधवाल्यानं उघड उघड पाणी घातलेलं दूध दिलं आणि मी गुपचूप पातेलं घेऊन आत आले. अरिबा म्हणाली, "अम्मी, ताप आलाय का?"

करंजदऱ्याचा तलाव आमच्यापासून दहा किलोमीटर. तिथल्या मच्छीमार सोसायटीकडे त्याचा ठेका. पावसाळ्यात बोटाएवढी पिल्लं पाण्यात सोडायची, बोटुकली म्हणतात त्यांना. कटला, रोहू, मृगळ. पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं की जाळी टाकून मोठे झालेले मासे काढायचे. गावातली बावीस घरं त्याच्यावर जगतात. झुलालनाना सोसायटीचे चेअरमन. माणूस सरळ, पण इतका सरळ की घरच्यांना त्याची भीती वाटावी. प्रमिलाबाई त्यांची बायको, आणि समाधान एकुलता एक मुलगा.

आणि मी चारावाली. दर रविवारी धुळ्याहून, अमळनेरहून गळ टाकायचे शौकीन लोक तलावावर यायचे. बँकेतले, शाळेतले, एक दातांचे डॉक्टर. डोक्यावर टोप्या, हातात महागाच्या काठ्या आणि बायकोला थाप मारून आलेले चेहरे. सोसायटी त्यांना सांडव्याच्या बाजूला बसायचा पास द्यायची. त्यांना हवी असायची मरळ. मरळ म्हणजे नखरेल मासा. मेलेल्या चाऱ्याला ती तोंड लावत नाही, तिला गळावर वळवळणारा जिवंत लहान मासाच लागतो. तो मी विकायचे. बांधावर बाभळीखाली माझा निळा ड्रम, त्यात बुडबुडे सोडणारा बॅटरीवरचा पंप, हातात छोटी जाळी. "डॉक्टरसाहेब, मरळ चावली तर घरी काय सांगणार?" असलं काहीतरी बोलायचे आणि गिऱ्हाईक हसत हसत दोन मासे जास्त न्यायचं.

आधी मी नाल्यातले छोटे मासे धरून आणायचे. मग दोन वर्षं नाला लवकर आटला, आणि भूषण नावाचा टेम्पोवाला भेटला. तो गुजरातकडून रंगीत माशांच्या फार्मवरचा टाकाऊ माल आणायचा. काचेच्या पेटीत ठेवतात ना सोनेरी मासे, त्यातले ज्यांना रंग चढत नाही ते. पांढुरके, मातकट, पण टणक आणि चपळ. हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून शनिवारी यायचे. मरळ त्यांच्यावर तुटून पडायची. माझा चारा धुळ्यापर्यंत नावाजला गेला, आणि मी पण जरा फुगले, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी ड्रममध्ये पंचवीस-तीस मासे उरायचे. पुढच्या रविवारपर्यंत ते टिकत नाहीत. मी ते जाळीनं काढायचे, बांधाच्या मागे जमिनीवर टाकायचे, तडफडून थंड झाले की डब्यात भरून घरी कोंबड्यांना. माझ्या कोंबड्या कशा तुकतुकीत होत्या! वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी प्रमिलाबाई बांधावर आली. ती अधूनमधून यायची, माझ्याजवळ बसून पान खायची. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, मी तिला अक्का म्हणते. मी मासे जमिनीवर ओतले होते आणि ते उड्या मारत होते. ती एकदम उभी राहिली.

"जैनब, काय करी ऱ्हायनी तू? ह्या जीव शेतस ना. कसाले मारस?"

"अक्का, नवरा माशांवर जगतो तुमचा," मी म्हटलं. "तुम्ही मला सांगता?"

"त्या पोटसाठे. ह्या फुकट मरतस."

मग ती खाली बसली आणि मुद्द्यावर आली. समाधान एकतीस वर्षांचा झाला होता आणि त्याचं लग्न जमत नव्हतं. मुलगा बारावी झालेला, दिसायला बरा, व्यसन नाही. पण मुलीकडचे आले, अंगणात वाळत घातलेली जाळी पाहिली, चहा प्यायले की जायचे. आजकालच्या मुलींना नोकरीवाला हवा, शहरात फ्लॅट हवा, मासे धरणारा कोणाला हवाय? सात ठिकाणी नकार आला होता. तिला कोणीतरी सांगितलं होतं की मरायला निघालेले जीव मुलाच्या नावानं पाण्यात सोडायचे, अकरा रविवार. आणि कोणाला सांगायचं नाही, नाहीतर नवस फळत नाही.

"माले दे ह्या," ती म्हणाली. "मन्हा समाधानना नाववर पानीमा सोडसू. नानाले सांगू नको. कोनलेच सांगू नको."

मला हसू आलं. पण तिचे डोळे पाहिले आणि हसू गिळलं. जमिनीवरचे जे अजून हलत होते ते तिनं ओंजळीनं उचलून बादलीत घातले. म्हटलं, माझं काय जातं? कोंबड्यांना दुसरं काहीतरी घालीन. आणि खरं सांगू, मलाही बरं वाटलं. आमच्यातही जीव वाचवला तर सवाब मिळतोच की.

मग दर रविवारी गळवाले गेले की ती यायची. मी ड्रममधले उरलेले सगळे तिच्या बादलीत घालायचे. ती पलीकडे, जिथे पाणी उथळ आहे आणि सोसायटीची बोटुकली चरायला येतात, तिकडे जायची. पिंपळाच्या पानावर छोटा दिवा सोडायची, बादली हळूच आडवी करायची, आणि एकेका माशाला म्हणायची, "जाय बाप, सुखी ऱ्हाय." मी लांबून बघायचे. एरवी प्रमिलाबाईचा आवाज मोठा, पण तेव्हा ती अगदी हळू बोलायची.

सातव्या की आठव्या रविवारी भूषणच्या पिशवीतल्या काही माशांच्या अंगावर मला दोरे दिसले. बारीक, पांढरे, नखाएवढे लांब, खवल्यांतून बाहेर आलेले. जिथून दोरा निघाला होता तिथे लाल ठिपका. मी दोन-तीन नखानं ओढून काढले. ते सहज निघत नव्हते. म्हटलं, शेवाळं-बिवाळं अडकलं असेल. गिऱ्हाईक समोर उभं होतं. मी ते मासे विकले, आणि उरलेले संध्याकाळी प्रमिलाबाईच्या बादलीत घातले.

नवव्या रविवारी यावलकडचे पाहुणे आले. केळीच्या बागेत मजुरी करणारं घर, मुलीचं नाव कोकिळा. त्यांनी जाळीही पाहिली, तलावही पाहिला, आणि मुलगी म्हणे स्वतःच म्हणाली की मला पाण्याजवळचं घर आवडतं. झालं! सुपारी फुटली. लग्न आखाजीनंतरच्या आठवड्यात ठरलं. प्रमिलाबाई बांधावर पळत पळत आली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "मासास्नी आयकी लिधं मन्हं." माशांनी माझं ऐकलं. मी तिला पेढा भरवला. उरलेले दोन रविवारही तिनं चुकवले नाहीत.

मार्चमध्ये ऊन चढलं आणि तलावातले मासे दगडांना अंग घासायला लागले. आधी कोणी लक्ष दिलं नाही. मग नानांनी जाळं टाकलं. कटला वर आला तो अंगभर जखमा घेऊन. लाल, सुजलेल्या, आणि प्रत्येक जखमेतून एक पांढरा दोरा लोंबत होता. एकेका माशावर वीस-वीस. मी तिथेच होते. मी तो दोरा पाहिला. मी ओळखला होता तो.

माशांचा टेम्पो धुळ्याच्या बाजारात गेला आणि भरलेला परत आला. असा मासा शिजवून खाल्ला तर माणसाला काही होत नाही म्हणतात, पण तो डोळ्यांनी पाहून घेणार कोण? मग रोज सकाळी काठाला मेलेले मासे लागायला लागले. वास गावापर्यंत जायचा. बावीस घरांतली माणसं टोपल्या भरभरून मासे काढून खड्ड्यात पुरत होती. कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

मग बोलायला लागले, आणि सगळं समाधानवर आलं.

त्याचं असं झालं होतं की मागच्या पावसाळ्यात त्यानं हट्ट करून बोटुकली नेहमीच्या ठिकाणाहून न आणता एका नव्या खासगी केंद्रातून आणली होती. मोबाईलवर काय काय बघून त्यानं सोसायटीला पटवलं होतं की ही पिल्लं लवकर वाढतात. आणि वाढलीही होती. पण आता अभिमन, सोसायटीतला जुना सभासद, पारावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बठ्ठा तलाव खराब करी टाका याने." समाधान समोरून चालला होता. त्यानं मान वर केली नाही.

घरात तर त्याहून वाईट. नाना मुलाशी बोलेनासे झाले. ताट समोर आलं की मुलगा उठेपर्यंत हात लावायचे नाहीत. सोसायटीत ठराव येणार असं ठरलं: समाधानचं नाव काढून टाकायचं, आणि त्यानं यापुढे तलावात जाळं टाकायचं नाही. नानांनी स्वतः ठराव मांडायचा म्हटलं. यावलला बातमी पोचली. कोकिळाच्या वडिलांचा फोन आला की मीटिंगमध्ये काय होतं ते बघू, मग पत्रिका वाटू. ज्याच्या हातचा तलाव गेला आणि सोसायटीनंही ज्याला टाकलं, त्याला मुलगी कोण देईल? पोराचं तोंड चिमणीएवढं झालं होतं. प्रमिलाबाई मला म्हणाली, "जैनब, मी आखो नवस करू का?" पुन्हा नवस.

त्याच आठवड्यात मत्स्य खात्यातले एक तरुण साहेब आले. तेव्हा मी बांधावर ड्रमचं पाणी बदलत होते. त्यांनी नानांनी दाखवलेला मासा पाहिला, बाटलीत घातला, आणि जाताना माझ्या ड्रमजवळ थांबले.

"मावशी, हे काय?"

"चारा, साहेब. गळवाल्यांचा."

त्यांनी जाळीनं एक मासा काढला आणि भिंगातून पाहिला. दोरा होताच.

"हाच तो," ते म्हणाले. "हा बाहेरून आलेला किडा आहे. रंगीत माशांबरोबर गावोगाव फिरतो. डोकं माशाच्या मांसात रुतवून बसतो, बाहेर दिसतं ते त्याचं शेपूट. त्याची पिल्लं पाण्यात सुटतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि नवा मासा शोधतात. ऊन तापलं की भराभर वाढतात. असे थोडे मासे तलावात गेले तरी पुरे."

मी उगाच पंपाची वायर नीट करायला लागले.

"पण तुमच्या ड्रममध्ये पाणी तलावाचंच दिसतंय," ते म्हणाले. "म्हणजे तलावाकडून तुमच्या माशांना लागला असेल, किंवा उलटही असेल. आता हे सांगणं कठीण. संध्याकाळी उरतात त्यांचं काय करता?"

आता बघा, मी जी कोणालाही सोडत नाही, जिच्या तोंडाला कुलूप नाही, ती मी काय बोलले?

"कोंबड्यांना घालते," मी म्हटलं.

भीती वाटली, दुसरं काय! माझा ड्रम, माझी बांधावरची जागा, हाशमचं नाव, सगळं डोळ्यांपुढे आलं. साहेबांनी वहीत लिहिलं. "मग ठीक आहे. गळावरून एखाददुसरा सुटला तर सुटला. बीजातूनच, म्हणजे सोडलेल्या बोटुकलीतूनच आला असण्याची शक्यता जास्त," असं म्हणून ते मोटरसायकलवर बसून गेले.

घरी आले. अरिबाला म्हटलं, मोबाईलवर बघ, माशांच्या अंगावर दोऱ्यासारखा किडा. तिनं वाचून दाखवलं. साहेब म्हणाले तेच होतं. आणि वर हेही होतं की गळासाठी आणलेले जिवंत मासे उरले तर पाण्यात कधी सोडू नका. जमिनीवर मरू द्या, पुरा, कोंबड्यांना घाला. अरिबा म्हणाली, "अम्मी, तू तर बरोबरच करतेस." मी हो म्हटलं आणि भाकरी थापत राहिले. त्या रात्री भाकऱ्या जास्त झाल्या, हाशम म्हणाले. तेव्हापासून मला काही वाटायचं बंद झालं. एखादं बटण दाबून पंप बंद करतात ना, तसं.

वर्षानुवर्षं मी मासे जमिनीवर तडफडवून मारले, तोपर्यंत तलाव सुखरूप होता. प्रमिलाबाईनं त्यांना दिवा लावून, बाप म्हणून सोडलं. हे कोणाला सांगायचं? आणि कसं?

मीटिंग सोमवारी, शाळेच्या वऱ्हांड्यात, सकाळी दहाला. मी सभासद नाही, पण मला कोण अडवणार! हाशमनी रिक्षानं सोडलं आणि बाहेर थांबले. पुरुष सतरंजीवर, बायका कडेला. प्रमिलाबाई खांबाला टेकून बसली होती, पदराचं टोक दातात. समाधान पायरीवर, सगळ्यांपासून लांब.

नानांनी साहेबांचा कागद वाचायला सांगितला. शाळेतल्या गुरुजींनी वाचला: बीजातून प्रादुर्भाव झाल्याची शक्यता जास्त. माझंच खोटं होतं ते, फक्त फिरून आलं होतं. कागद वाचून झाल्यावर नाना उभे राहिले.

"मन्हा पोऱ्या शे म्हनीसन कोनी गय करू नका," ते म्हणाले. "नाव काढा."

प्रमिलाबाईच्या तोंडातून एक आवाज आला, रडण्याच्या आधी येतो तसा.

मी उभी राहिले. आधी म्हटलं, "नाना, गळवाल्यांचं असेल हे. ते चारा टाकून जातात पाण्यात."

अभिमन हसला. "जैनबबाई, ते लोक पैसे देऊन घेतलेला चारा टाकतात? उरला तर घरी नेतात पेटीत ठेवायला. तू बस खाली. समाधान तुझा लाडका, माहीत आहे आम्हाला."

दोघं-तिघं हसले. गुरुजींनी पेन उघडलं.

तेव्हा मी ठरवलं असं नाही. तोंड नेहमीसारखं सुटलं एवढंच.

"मी ओतले," मी म्हटलं. "थंडीपासून. दर रविवारी उरलेले सगळे मासे मी तलावात ओतले. पंचवीस-तीस. त्यांच्या अंगावर दोरे होते ते मी पाहिले होते, तरी ओतले. साहेबांशी खोटं बोलले मी. पोराच्या बोटुकलीत काही नव्हतं. तसं असतं तर मासा थंडीआधीच मेला नसता का? विचारा साहेबांना."

गुरुजींनी पेनाला टोपण लावलं. मग अभिमनच म्हणाला, पण हळू, "कोंबड्यांना घालायचीस ना तू?"

"कंटाळा आला," मी म्हटलं. "डबा वाहायचा कंटाळा."

नवसाचं नाव काढलं नाही. का काढू? जो माणूस पोटच्या पोराला सोडत नव्हता तो बायकोला सोडणार नव्हता, आणि त्याहून वाईट म्हणजे तिनं स्वतःला सोडलं नसतं. अकरा रविवार मुलाचं नाव घेऊन घेऊन तिनं जे पाण्यात घातलं त्यानं मुलालाच बुडवायला काढलं, हे तिला कळलं असतं तर ती त्याच तलावात गेली असती. मी ओळखते तिला. आणि दोरे तर मीच पाहिले होते ना. तिनं विश्वासानं बादली पुढे केली होती.

आरडाओरडा झाला. कोणीतरी माझ्या अंगावर धावून आलं, पुनानं, नानांच्या धाकट्या भावानं, त्याला धरलं. शिव्या पडल्या, त्यातल्या काही मला नव्या होत्या. नानांनी हात वर केला, सगळे गप्प झाले. मग ते मला म्हणाले, नेहमीची अहिराणी सोडून शुद्ध मराठीत, परक्याशी बोलतात तसं, "जैनबबाई, आजपासून बांधावर पाय ठेवायचा नाही." मी म्हटलं, "बरं, नाना." त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि मुलाकडे न बघता म्हणाले, "समाधान, घर चाल." तो पोरगा पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडला. मला वाईट वाटायला पाहिजे होतं, किंवा बरं तरी. मी पायात चपला घातल्या, उजव्या-डाव्या उलट्या झाल्या, त्या बदलल्या, आणि रिक्षात जाऊन बसले. हाशमनी विचारलं, "खरं?" मी म्हटलं, "चला."

तलावाचं दार उघडून पाणी सोडून दिलं, उरलेलं सुकायला ठेवलं. राहिलेले मासे चुना टाकून पुरले. पुढच्या पावसापर्यंत तळ उन्हात तापू द्यायचा, मगच नवं बीज, असं साहेब सांगून गेले म्हणे. खाली सोडलेल्या पाण्याबरोबर ते किडे कुठे गेले, ते मी विचारलं नाही. समाधाननं सगळ्यांत जास्त खड्डे खणले. यावलहून फोन आला, पत्रिका वाटल्या.

माझा ड्रम पुना आणून टाकून गेला, आतल्या माशांसकट. मी तो घराच्या मागे उन्हात आडवा केला. मासे उड्या मारत राहिले, मग थांबले. मी तिथेच उभी होते. कोंबड्या धावत आल्या.

चौथ्या दिवशी दुपारी प्रमिलाबाई आली. एसटीनं, एकटी, उन्हात. अरिबा कॉलेजात, हाशम स्टँडवर. ती उंबऱ्यावर बसली. आत ये म्हटलं, आली नाही. पाणी दिलं, प्यायली नाही. चेहरा असा काळवंडला होता की मला वाटलं तिला समजलंय सगळं. आता शिव्या देईल नाहीतर रडेल. ती पायाचा अंगठा चोळत बसली.

"जैनब," मग ती म्हणाली. "मन्हा पन त्याच ड्रममाईन व्हतात ना."

माझे मासेही त्याच ड्रममधले होते ना, असं विचारत होती ती.

तिनं माझा हात धरला. तिचा हात गरम होता, खरखरीत. "तुन्हा येगळा व्हतात ना वं? मन्हा चांगला व्हतात ना?"

मी तिच्याकडे पाहिलं. समोर पंधरवड्यावर मुलाचं लग्न असलेली बाई. मनगटात नव्या हिरव्या बांगड्या होत्या, बहुतेक कोकिळाकडून आलेल्या.

"हो अक्का," मी म्हटलं. "तुमचे वेगळे होते. तुमच्यासाठी मी चांगले चांगले निवडून ठेवायचे. दोरेवाले मागे राहायचे, ते तुम्ही गेल्यावर मी ओतायचे."

"खरं?"

"खुदाची कसम."

अल्लाचं नाव घेऊन मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले, आणि काही झालं नाही. वर पंखा फिरत होता. तिनं मोठा श्वास घेतला, इतका मोठा की खांदे वर गेले. चेहऱ्यावरचा काळेपणा माझ्या डोळ्यांदेखत उतरला. मग तिनं माझा हात सोडला. हळूच नाही. झटकून.

"मन्हा पोऱ्या मरी जाता," ती म्हणाली. "तुले कंटाळा वना म्हनीसन." माझा मुलगा मेला असता, तुला कंटाळा आला म्हणून.

ती उठली, पदर सारखा केला आणि भर उन्हात स्टँडकडे निघाली. मी दारातून तिला कोपऱ्यापर्यंत पाहिलं.

लग्नाचं बोलावणं आलं नाही. कोकिळा चांगली आहे, ऐकते मी. नानांशी भांडते आणि नाना ऐकून घेतात. मी ते ऐकलं तेव्हाही काही वाटलं नाही. प्रमिलाबाई रविवारच्या बाजारात कधी दिसते. तिनं माझं खरं मानलं आहे, अगदी पूर्ण, म्हणूनच ती माझ्याशी बोलत नाही. मी दिसले की थुंकते आणि पलीकडच्या बाजूनं जाते, आणि मी तिला जाऊ देते.